बॅक्टेरियाच्या जीन्सवर काम करायचंय, पण बाबांना सांगू कसं?

पत्र: ताई नमस्कार. मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातली, बीएस्सी फायनलला आहे, मायक्रोबायोलॉजी. बाबांचं पाच एकर कोरडवाहू वावर आहे, पऱ्हाटी नि तूर घेतात. एक बॅक्टेरिया दुसऱ्या बॅक्टेरियाला औषधानं न मरायचा गुण देऊन टाकतो हे सरांनी शिकवलं तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जाऊनच नाही राहिलं. मला त्यातच संशोधन करायचं आहे. पण मोठे बाबा म्हणतात डीएमएलटी कर, लगेच लॅबमध्ये लागशील. आई म्हणते एमएस्सी कर नि बीएड कर. बाबा काहीच बोलत नाहीत, पण दोन वर्षांत लग्न हे घरात ठरल्यासारखंच आहे. माझं इंग्रजी कच्चं आहे, कॉलेजात अर्धे प्रॅक्टिकल नुसते बघायला मिळाले. ह्या लाइनीत किती वर्षं जातात, पैसा किती लागतो, नि शेवटी हाती काय येतं? आणि बाबांना कसं सांगू?

उत्तर:

पोरी, तुझा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. वर्षं नि पैसा हा हिशोब कागदावर मांडता येतो, पण बाबा गप्प बसलेले असले की लेकीची जीभ उचलत नाही, हे मला माहीत आहे, मीही वऱ्हाडातल्या कास्तकाराच्याच घरातली. मला तुला सांगायचं ते एवढंच की तुझा विषय बाबांना परका नाही. बीटी आल्यापासून ते तोच विषय दरवर्षी वावरात पेरून राहिले, फक्त त्याला बॅक्टेरियल जेनेटिक्स म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलं नाही. तू तिथूनच सुरुवात कर.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत राहणारा बॅक्टेरिया. १९०१ मध्ये जपानात इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञाला तो रोगानं मरणाऱ्या रेशीमअळ्यांत सापडला, मग १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनरला तो पिठातल्या पतंगाच्या अळीत पुन्हा सापडला नि थुरिंजिया ह्या भागावरून त्याचं नाव पडलं. हा बॅक्टेरिया एका प्रोटीनचे बारीक स्फटिक बनवतो, अळीनं ते खाल्लं की तिच्या आतड्यात ते विरघळतं, आतड्याला भोकं पडतात, अळी खाणं सोडते नि मरते. हे प्रोटीन बनवणारे जीन्स बहुतेक प्लाझ्मिडवर असतात, प्लाझ्मिड म्हणजे बॅक्टेरियातलं मुख्य डीएनएपासून वेगळं राहणारं डीएनएचं छोटं कडं, एक बॅक्टेरिया दुसऱ्याला गुण देतो म्हणून तुझ्या डोक्यातून जात नाही ना, ते देणं बरेचदा ह्याच कड्यातून होतं. त्यातला क्राय१एसी हा जीन कापसात टाकला नि टाकायला वापरला तोही एक बॅक्टेरियाच, अ‍ॅग्रोबॅक्टेरियम, जो निसर्गातही आपल्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घुसवत असतो. २००२ मध्ये भारतात ह्या कापसाला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जीनवालं बीजी-२ आलं, नि मग २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचं काय केलं ते बाबांना तुला सांगावं लागणार नाही. त्याच हंगामात तुमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी नि मजूर जिवानिशी गेले. हे आठवलं की मला आजही फार त्रास होतो.

आता बाबांना एक विचार, बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट यायचं त्याचं ते काय करायचे? खूप कास्तकारांनी ते पेरलंच नाही, एक ओळ काहून वाया घालवायची असं वाटायचं, आणि त्यांचा दोष नाही, ते काहून पेरायचं हे बांधावर येऊन कोणी धड समजावलंच नाही. त्या पाकिटामागं पक्कं जेनेटिक्स होतं. बिनबीटीच्या ओळींवर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग होतात, ते बीटीला न मरणाऱ्या थोडक्या पतंगांशी जुळतात नि त्यांची पिल्लं पुन्हा बीटीनं मरणारी निघतात, कारण न मरण्याचा तो गुण बहुतेक वेळा रिसेसिव्ह असतो, एकाच बाजूनं आला तर पुरत नाही. ती ओळ नसली की न मरणाऱ्याला न मरणारीच भेटते. कारण हे एकटंच नव्हतं, फरदड ठेवली म्हणजे वेचणी झाल्यावरही पऱ्हाटी उभीच ठेवली, हंगाम लांबला, बोंडअळीला बारा महिने खायला मिळालं. पण हे सगळं समजणारं नि कास्तकाराच्या भाषेत सांगणारं माणूस गावागावात पाहिजे होतं. तू हे बाबांना सांग, वावरातच सांग. "मला शास्त्रज्ञ व्हायचं आहे" एवढंच म्हटलं तर त्यांना लेक हातची गेली असं वाटेल, पण गुलाबी बोंडअळी काहून मरत नाही हे मला शोधता येईल असं सांगितलं तर ते ऐकतील असं मला मनापासून वाटतं.

आता तुझ्या डोक्यात बसलेल्या गोष्टीकडं येते, कारण नुसतं करिअर करिअर करून पोरं ह्या लाइनीत येतात नि विषय आवडत नसला की तिसऱ्या वर्षाला रडतात. बॅक्टेरियांत असं देणंघेणं होतं हे १९४६ मध्ये जोशुआ लेडरबर्ग नि एडवर्ड टेटम ह्यांनी आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय ह्या बॅक्टेरियावर दाखवलं, त्याआधी बॅक्टेरिया नुसते दोनाचे चार होतात एवढंच धरून चालायचे. प्लाझ्मिडचं देणं म्हणजे शेजारणीनं विरजण मागितलं नि आपण वाटीभर दिलं तसं आहे, आपलं दही संपत नाही नि तिच्याही घरी लागतं, देणाऱ्या बॅक्टेरियाकडं प्लाझ्मिडची एक प्रत राहते नि घेणाऱ्याकडं दुसरी जाते. म्हणून हॉस्पिटलात एका जातीच्या जंतूचा गुण दुसऱ्या जातीत इतक्या लवकर पोचतो. पण सगळीकडं असंच होतं असं समजू नको, टीबीच्या जंतूत प्लाझ्मिडचा संबंध नाही, तिथं औषधाला न जुमानणं त्याच्या स्वतःच्याच जीन्समधल्या बदलांतून येतं, आणि गोळ्या अर्ध्यावर सोडल्या की असे बदललेलेच जंतू मागं उरतात. आपल्या गावात ताप आला की मेडिकलवरून दोन गोळ्या आणायची नि बरं वाटलं की बंद करायची जी सवय आहे ना, त्यावर बोलायला हा अभ्यास लागतो.

ह्यातला एक प्रयोग तू नक्की वाच, एस्थर लेडरबर्ग नि जोशुआ लेडरबर्ग ह्यांचा, १९५२ चा. गोल ठोकळ्यावर मखमलीचं कापड ताणून बसवलं, एका प्लेटवरच्या कॉलन्यांवर, म्हणजे बॅक्टेरिया वाढून झालेल्या ठिपक्यांवर, ते हलकेच दाबलं नि मग तेच कापड दुसऱ्या, तिसऱ्या प्लेटवर टेकवलं. प्रत्येक कॉलनी आपापल्या जागी उतरली. त्यातल्या प्लेटमध्ये स्ट्रेप्टोमायसिन असलं की कोण जगलं ते दिसतं, आणि मग मूळ प्लेटवर, जिला औषध कधी लागलंच नाही, बरोबर त्याच जागी जाऊन बघता येतं. तिथं तो न मरणारा बॅक्टेरिया आधीपासून होता! म्हणजे औषध गुण तयार करत नाही, आधीच असलेल्याला निवडतं. बोंडअळीतही निवड अशीच झाली. कापडाच्या तुकड्यावर एवढा मोठा प्रश्न सुटला हे वाचून मला आजही अंगावर काटा येतो. लॅम्डा फेज, म्हणजे बॅक्टेरियाला लागणारा एक व्हायरस, तो शोधणारीही एस्थरच, पण १९५८ चं नोबेल जोशुआ, बीडल नि टेटम ह्यांना मिळालं, तिला नाही. हे तुला मुद्दाम सांगून ठेवते, कारण तू मुलगी आहेस, आणि आपल्या कामावर आपलं नाव आहे का हे पहिल्या दिवसापासून बघायचं असतं, त्यात लाजायचं नाही.

वर्षांचं सांगते, लपवून फायदा नाही. एमएस्सी २ वर्षं. पीएचडी ५, कधी ६ वर्षं. त्यानंतर बहुतेकांना २ ते ४ वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर कोणाच्या तरी लॅबमध्ये संशोधन, करावं लागतं, देशात किंवा बाहेर. म्हणजे आज एकवीसची असशील तर पक्क्या नोकरीचं बोलणं तिशीनंतर. पण ह्यातली पीएचडीची वर्षं घरच्यांच्या पैशानं काढायची नसतात, हे मोठ्या बाबांना माहीत नसेल. सीएसआयआर-नेट ह्या देशपातळीवरच्या परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, निघालं की पहिली २ वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, पुढं तिचीच वरची पायरी एसआरएफ झालं की ४२,००० रुपये, वर घरभाडं वेगळं. ती परीक्षा वर्षातून दोनदा, एमएस्सी करता करताही देता येते, लाइफ सायन्सेसचा पेपर २०० मार्कांचा असतो, त्यातले १०० एकट्या पार्ट सीचे, जिथं पाठांतर चालत नाही, प्रयोगाचा डेटा समोर ठेवून विचार करायला लावतात. पेपर इंग्रजी नि हिंदी दोन्हीत असतो, तेवढी भीती काढून टाक. जेआरएफ नाही निघालं तर डीबीटीची, म्हणजे केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाची, बेट परीक्षा आहे, आणि आपल्या राज्यात महाज्योती, बार्टी, सारथी, टीआरटीआय ह्यांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, तू ज्या प्रवर्गात बसतेस तिची जाहिरात नीट वाच. फेलोशिपचा पैसा कधी कधी महिनोन्‌महिने अडकतो, म्हणून सुरुवातीला थोडी शिल्लक ठेवूनच जायचं.

माझं एक पक्कं मत आहे नि ते मी सगळ्या पोरापोरींना सांगते, फेलोशिपशिवाय पीएचडीला बसू नको, आणि कर्ज काढून खाजगी कॉलेजात बायोटेक तर मुळीच नको. एमएस्सीसाठी जॅम ह्या प्रवेश परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर दे, त्यावर आयआयटीत एमएस्सीला नि बेंगळुरूच्या आयआयएस्सीत इंटिग्रेटेड पीएचडीला जाता येतं. गॅट-बी दे, त्यातून डीबीटीच्या एमएस्सी बायोटेकला स्टायपेंडसकट जागा मिळते. सीयूईटी-पीजी दे, सेंट्रल युनिव्हर्सिट्यांसाठी. काहीच नाही जमलं तर अमरावती किंवा नागपूर विद्यापीठाचं स्वतःचं डिपार्टमेंट घे, तिथून नेट काढणारी पोरं मी बघितली आहेत. जागेच्या नावापेक्षा पुढं गाइड कोण मिळतो हे जास्त मोठं. पीएचडीला जायच्या आधी त्या लॅबमधल्या पोरांना फोन करून विचारायचं, सर भेटतात का, पेपरवर नाव कोणाचं पहिलं येतं, मागच्यांना किती वर्षं लागली. हे विचारायला संकोच करणाऱ्यांची दहा-दहा वर्षं गेलेली मी पाहिली आहेत.

इंग्रजीचं नि प्रॅक्टिकलचं तू फार मनावर घेतलंस. हरगोविंद खुराना माहीत आहेत ना, १९६८ चं नोबेल, डीएनएची अक्षरं प्रोटीनमध्ये कशी वाचली जातात ते सोडवणाऱ्यांपैकी एक, आणि ते सोडवलं तेही ई. कोलाय फोडून काढलेल्या रसात आरएनए टाकून. त्यांचं गाव पंजाबातलं रायपूर, वस्ती शंभरेक माणसांची, वडील पटवारी, सुरुवातीची शाळा झाडाखाली. पटवाऱ्याचं घर म्हणजे काय हे आपल्याकडं कोणाला समजावून सांगावं लागत नाही, साधंच घर. पण त्या घरात वडिलांनी पोरांना शिकवायचं सोडलं नाही. हे तू आईला सांग. नि आपल्याच देशातलं दुसरं नाव शंभुनाथ डे. १९५९ मध्ये कोलकात्यात काम करून त्यांनी दाखवलं की कॉलऱ्याचा जंतू एक विष बाहेर सोडतो नि त्यानंच माणसाच्या अंगातलं पाणी जातं, सशाच्या आतड्यावर केलेले साधे प्रयोग होते ते, मोठी यंत्रं नव्हती. त्या विषाचे जीन्स बॅक्टेरियाचे स्वतःचे नसून एका फेजनं आणून बसवलेले असतात हे १९९६ मध्ये कळलं. डे ह्यांच्या कामाची दखल फार उशिरा घेतली गेली, १९७८ मध्ये नोबेल सिम्पोझियमला बोलावणं आलं तोवर ते रिटायर झाले होते. म्हणून सांगते, ह्या लाइनीत शाबासकी वेळेवर मिळेल असं धरून येऊ नको, प्रश्न आवडतो म्हणून ये.

आणि रोजचं काम कसं असतं तेही ऐक, कारण टीव्हीत दाखवतात तसं काही नसतं. मीडिया म्हणजे बॅक्टेरियाचं खाणं बनवायचं, ते वाफेवर निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह लावायचं, प्लेटा ओतायच्या, स्ट्रीक करायचं, रात्रभर थांबायचं. ई. कोलाय ३७ डिग्रीला चांगल्या मीडियात वीसेक मिनिटांत दुप्पट होतो म्हणून निदान त्याची वाट फार बघावी लागत नाही, टीबीवाल्यांना कॉलनी दिसायला आठवडे जातात. मग पीसीआरनं डीएनएच्या प्रती काढायच्या, त्या जेलवर बघायच्या, डीएनएची रेघ म्हणजे बँड येत नाही, परत प्रायमर बघा, परत लावा. क्लोनिंग, म्हणजे एक जीन दुसऱ्या बॅक्टेरियात बसवणं, महिनाभर होत नाही नि मग एका सकाळी होतं आणि काहून झालं तेही धड कळत नाही, ते शोधण्यात पुढचा आठवडा. वहीत तारीख, बॅच, कोणती बाटली, सगळं लिहावं लागतं, ज्याची वही चांगली तोच टिकतो, हुशारी नंतर. तू घरी कापसाचा हिशोब लिहीत असशील तर ही सवय तुला आहेच.

कॉलेजात प्रॅक्टिकल कमी झाले तर सरांना गाठून एक छोटं काम माग. तुरीच्या नाही तर सोयाबीनच्या मुळाच्या गाठी आण, आडव्या काप, आतून गुलाबी निघाल्या तर नायट्रोजनचं काम चालू आहे, पांढऱ्या-हिरवट निघाल्या तर नाही. त्यातून रायझोबियम वेगळा कर, यीस्ट मॅनिटॉल अगारवर काँगो रेड टाकून, त्याच्या कॉलन्या रंग फारसा धरत नाहीत म्हणून ओळखू येतात. बाबा पेरणीच्या वेळी बियाण्याला जिवाणू कल्चर लावत असतील तर एका बाजूच्या ओळी लावून नि एका बाजूच्या न लावता पेरायला सांग, गाठी मोज, वजन कर, लिहून ठेव. हे खरं संशोधन आहे, कोणी नावं ठेवली तर ठेवू दे. पण एक लक्षात ठेव, अँटिबायोटिकवर बॅक्टेरिया वाढवायचे प्रयोग घरी अजिबात नाही, ते फक्त लॅबमध्ये, सर असताना, नि प्लेटा ऑटोक्लेव्ह करूनच टाकायच्या. कॉम्प्युटरवरचं काम मात्र घरून होतं, एनसीबीआय ह्या वेबसाइटवर हजारो बॅक्टेरियांचे जीनोम, म्हणजे त्यांचा सगळा डीएनए, फुकट वाचायला ठेवलेत, ई. कोलाय के-१२ चा १९९७ मध्ये पूर्ण वाचला गेला, ४६ लाखांच्या आसपास अक्षरं, तो उघड, एका डीएनएची दुसऱ्याशी तुलना करणारं ब्लास्ट चालवायला शीक, त्याला नेट नि चिकाटी एवढंच लागतं. इंग्रजीसाठी पबमेड सेंट्रलवर फुकट पेपर आहेत, रोज एका पेपरचा फक्त अ‍ॅबस्ट्रॅक्ट, न समजलेले शब्द वहीत, मराठीत आईला समजावून सांगता आलं म्हणजे समजला. सहा महिन्यांत फरक पडतो, खरंच पडतो.

हाती काय येतं? कॉलेजात कायम प्राध्यापकाच्या जागा थोड्या निघतात नि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं झिजणारी माणसं तुझ्या ओळखीतही असतील, त्या एकाच आशेवर हे करू नको. पण नागपूरला पर्यावरणावर काम करणारी नीरी आहे, कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे, पुण्यात एनसीसीएस, आयसर, एनसीएल ह्या संशोधन संस्था नि लसी बनवणाऱ्या कंपन्या, हैदराबादला सीसीएमबी ही पेशी नि जीन्सवर काम करणारी संस्था. बियाणं कंपन्यांना जीन तपासणारी माणसं लागतात, औषध कंपन्यांना नि मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबना लागतात. पीएचडी अर्ध्यात कंटाळून कंपनीत गेलेल्या पोरीही चांगल्या आहेत, ते काही हरणं नाही. एमएस्सीच्या पहिल्या वर्षी विज्ञान अकादमींची समर रिसर्च फेलोशिप भर, उन्हाळ्यात दोन महिने चांगल्या लॅबमध्ये स्टायपेंडवर काम करायला मिळतं, फॉर्म साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सरांचं शिफारसपत्र लागतं. ते दोन महिने करून बघ, आवडलं की नाही ते तुलाच कळेल, मग मला विचारायची गरज नाही.

लग्नाचं बोलायचं तर बाबांकडं सगळं आयुष्य मागू नको, तीन वर्षं माग. दोन एमएस्सीची, एक नेटसाठी, नि त्या तीन वर्षांत लग्नाचा विषय काढायचा नाही असं त्यांच्या तोंडून घे, जमलं तर मामाला किंवा तुझ्या सरांना सोबत बसव. जेआरएफ निघालं नि महिन्याला पैसे घरी दिसायला लागले की घराचा आवाज बदलतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं. आणि स्थळ आलंच तर पीएचडीचं आधीच स्पष्ट सांगायचं, नंतर बघू म्हणणाऱ्या घरात जायचं नाही.

मोठ्या बाबांना सांग डीएमएलटी चांगलाच कोर्स आहे, तीन वर्षांनी नेट नाही निघालं तर तेव्हाही तो करता येतो, तो दरवाजा कुठं जात नाही. जॅमचे फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरात भरतात नि परीक्षा फेब्रुवारीत असते. ओबीसीत असशील तर नॉन-क्रिमीलेअर केंद्राच्या फॉरमॅटमधलं लागेल, राज्याचं चालत नाही, उत्पन्नाचा दाखला नि ते दोन्ही ह्याच महिन्यात सेतूत टाकून ठेव, फॉर्मच्या दिवसांत तिथं फार गर्दी असते.